मास्तरांच्या घरची उत्तरेची खिडकी

मे महिन्यात एका सकाळी पावणेसातला फोन आला. मास्तरांच्या घरात सध्या राहायला असलेल्या मुलीचा. बडोद्याची मराठी मुलगी, ऑइल पेंटिंग करते, येऊन दहा-बारा दिवस झालेले. एवढ्या सकाळी फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला, साप घरात शिरला की काय, कारण त्याच आठवड्यात परड्यात एक दिसला होता. तर ती म्हणते, "ताई, स्टुडिओत ऊन आलंय." मी म्हटलं, येऊ दे की, मग? "अहो पण ही उत्तरेची खिडकी आहे ना? उत्तरेच्या खिडकीतून ऊन कसं येईल?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या घरात माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या, त्या खिडकीत बसून मी फणसाचे गरे खाल्ले, खरं हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. (आमच्या बेळगावकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, लिहितानाही तेच येतं, सांभाळून घ्या.)

मास्तर म्हणजे माझ्या आईचे मामा. नात्यानं आजोबा, खरं अख्खा गाव मास्तर म्हणायचा म्हणून आम्ही पोरंही मास्तरच म्हणायचो. खानापूरहून जांबोटीच्या रस्त्याला लागून थोडं आत उतरलं की त्यांचं गाव. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शिकले, तेव्हा आमचा जिल्हा मुंबई राज्यातच होता, आणि शिकून परत आले ते इथंच, हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून. चित्रं विकून घर कधी चाललं नाही. फोटोवरून लोकांच्या वाडवडिलांची पोर्ट्रेटं करायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मराठी अक्षर आणि कानडी अक्षर दोन्ही सारख्याच वळणाचं, आणि भाद्रपद जवळ आला की गणपतीचे डोळे. कुंभार मूर्ती रंगवून आणून सोप्यावर ओळीनं ठेवायचे, डोळे तेवढे कोरे. मास्तर आंघोळ करून, पाटावर बसून, सगळ्यात बारीक ब्रश घेऊन एकेक डोळा आखायचे आणि तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, मामी चुलीवरचं झाकणसुद्धा हलवायची नाही. स्वतःची चित्रं उरल्या वेळात. मलप्रभेचा घाट, पावसातला खानापूरचा बाजार, भाताची खाचरं, हेच पुन्हा पुन्हा.

घर साधं आहे. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढं सोपा, मग माजघर, मागं चूल आणि परडं. माजघराला लागून भाताच्या कणग्या ठेवायची एक अंधारी खोली होती, तिची उत्तरेची भिंत फोडून मास्तरांनी साडेचार फुटी खिडकी बसवली आणि झाला स्टुडिओ. चित्रकाराला उत्तरेचाच उजेड का लागतो हे त्यांनी मला एकदा हातात कणीस धरून दाखवलेलं. दक्षिणेच्या अंगाला सूर्य फिरतो, सावल्या तासातासाला सरकतात, उत्तरेकडून फक्त आभाळाचा उजेड येतो, तो दिवसभर एका जागी बसून राहतो. माणसाचा चेहरा करायचा तर नाकाची सावली दुपारपर्यंत पळून जायला नको. एवढं मला पाठ होतं. त्या खिडकीच्या चौकटीला सहा खिळे होते, दोन्ही बाजूंना तीन-तीन, खालच्या अर्ध्या भागात. ते कशाला, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

मास्तर गेले, मामीला मुलानं पुण्याला नेलं, आणि घर दोन पावसाळे बंद राहिलं. दोनच. ज्यांनी आमच्याकडचा पाऊस बघितलेला नाही त्यांना दोन पावसाळे म्हणजे काय ते कळणार नाही. जूनमध्ये एकदा झड लागली की दिवसच्या दिवस कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, कातडी चपलेवर हिरवी बुरशी चढते. वानरांनी एक कौल सरकवलं असणार, तेवढ्यातून पाणी भिंतीच्या माथ्यावर पडत राहिलं आणि मातीची भिंत वरून विरघळत आली. आम्ही कुलूप काढून आत गेलो तर माजघरात छत्रीएवढं आभाळ दिसत होतं. वाळवी तुळईपर्यंत पोचलेली. कॅनव्हासवर बुरशीचे पांढरे गोल गोल ठिपके. ट्रंकेतल्या वॉटरकलरना कसर लागलेली. घाटाचं एक चित्र होतं, मला फार आवडायचं, संध्याकाळचं, पाण्यात दोन म्हशी. ते उचललं तर नदीच्या जागेवरून वाळवीची मातीची नळी गेलेली, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि नळी बोटानं काढली तर खाली कागदच नाही. म्हशी होत्या. पाणी गेलेलं. मी तिथंच खाली बसले.

मग सुरू झाल्या दुरुस्त्या, आणि पहिलीच चूक आम्ही केली. पश्चिमेची भिंत ढासळलेली, ती बांधून तिला पक्कं म्हणून सिमेंटचा गिलावा मारला. पुढच्या पावसाळ्यानंतर ती भिंत पोटातून फुगली. मातीची भिंत ओल ओढते आणि ऊन पडलं की सोडते, सिमेंटनं तिचं तोंडच दाबून टाकलं, पाणी आत शिरलं ते आतच राहिलं. सगळं खरवडून काढावं लागलं आणि मग चुन्याचा गिलावा केला, हिरडा आणि गूळ घालून भिजवलेल्या चुन्याचा, ते काम येणारा एकच म्हातारा गवंडी आता तालुक्याच्या त्या टोकाला आहे. त्याच्यासोबत आलेल्या सुतारानं वर चढून वासे ठोकून बघितले आणि एक गोष्ट दाखवली, जी मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. चुलीच्या वरचे वासे काळेकुट्ट होते आणि ठणठणीत होते. वाळवी आलेली ती सगळी पुढच्या सोप्यात आणि माजघरात, जिथं धूर पोचत नव्हता. तो कानडीत म्हणाला त्याचा अर्थ असा की, घराला धूर पाहिजे, धूर पाहिजे तर स्वैपाक पाहिजे, आणि स्वैपाक पाहिजे तर खाणारं माणूस पाहिजे.

तोपर्यंत नातेवाइकांत विकायची बोलणी झालेली. गोव्याच्या वाटेवरची गावं म्हटल्यावर रिसॉर्टवाले फिरतच असतात, एकानं चांगला आकडा सांगितला, "घर तसंच ठेवू, फक्त बाथरूम वाढवू" म्हणाला. मामीचा मुलगा वाईट नाही, त्याचं कर्ज आहे, पुण्यात दोन मुलं शिकतायत, त्याला विकावंसं वाटलं यात मी त्याला कधीच दोष दिला नाही. मी आणि मास्तरांचे काही जुने विद्यार्थी, यात एक कंपाउंडर, एक बँकेतून रिटायर झालेले, दोन मास्तर, आम्ही त्याच्याकडं पाच वर्षांची मुदत मागितली. एका सरकारी ऑफिसात स्मारकासाठी अर्ज केला, चार हेलपाट्यांनंतर फाइल परत आली, ते सोडून दिलं.

मग आम्ही जपलेली घरं बघत सुटलो. बेळगावात रिसालदार गल्लीत भाट्यांचं घर आहे, १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद तिथं राहिलेले, रामकृष्ण मिशननं ते नीट जपलंय, आत गेलं की आवाज आपोआप खाली येतो, हात जोडले जातात. ते तिथं शोभतं. खरं मास्तरांच्या घरात कुणी हात जोडून उभं राहिलेलं मला बघवलं नसतं, त्यांनी स्वतःच हाकलून दिलं असतं, पेन्सिल घे आणि बस म्हणाले असते. पुढं एकदा कुलूच्या बाजूला नग्गरला गेले होते तेव्हा निकोलस रोरिखचं घर बघितलं, हा रशियन चित्रकार १९४७ साली तिथंच वारला. बाहेरच्या व्हरांड्यातून फिरायचं आणि खिडकीच्या काचेला नाक लावून आतल्या खोल्या बघायच्या. सगळं जागच्या जागी. त्याचाच मुलगा स्वेतोस्लाव, तोही चित्रकार, सिनेनटी देविकाराणीचा नवरा, त्या दोघांची बंगळुरूजवळ ताटगुणीला शेकडो एकरांची इस्टेट. १९९३ ला तो गेला, १९९४ ला ती, आणि इस्टेट कुणाची यावरून कोर्टकचेऱ्या इतक्या चालल्या की ती सरकारनं घेणं योग्य हा सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०११ उजाडलं. एवढी नावाजलेली माणसं, तरी ही गत. आमच्या मास्तरांना कोण विचारतो.

आणि एक उदाहरण लांबचं, ज्यानं आमचं डोकं फिरलं म्हणा. डेरेक जार्मन म्हणून इंग्रज फिल्ममेकर होता, चित्रंही काढायचा, १९९४ ला वारला. समुद्रकाठी डंजनेसला त्याची काळ्या लाकडाची, पिवळ्या खिडक्यांची छोटीशी झोपडी. ती विकली जायची वेळ आली तेव्हा, २०२० साली, लोकवर्गणीतून दहा आठवड्यांत ३५ लाख पौंडांच्या वर जमले. पैशाचं सोडा, ती आपल्या हातची गोष्ट नाही. मला भावलं ते पुढचं. तिथं कलाकारांना राहायला, काम करायला बोलावतात, आणि त्याची वह्या-कागदपत्रं तेवढी जपायला टेट म्युझियमकडं दिली. म्हणजे कागद कोरड्या जागी आणि माणसं घरात. आम्ही उलटं करत होतो, कागद ओल्या घरात आणि माणसं पुण्यात.

त्याच आठवड्यात उरलेली चित्रं बेळगावात एका विद्यार्थ्याच्या घरी वरच्या मजल्यावर हलवली, पुठ्ठे काढून टाकले (जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांनी कागद पिवळा पडतो), चांगल्या कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली, सगळ्यांचे फोटो काढले. घरात मास्तरांचं ईझल (चित्र टेकवायची घोडी), रंगाची पेटी, स्टूल आणि जवसाच्या तेलाच्या बाटल्या. आणि ठरवलं की इथं रेसिडेन्सी करायची. गावात हा शब्द सांगितला की लोकांना हॉटेल वाटतं, म्हणून आम्ही सांगतो, एक चित्रकार महिना-दीड महिना येऊन राहणार, त्याचं काम करणार, जेवण शेजारच्या वैनी देणार. एका वेळी एकच माणूस.

आमचा पहिला विचार होता ऑक्टोबर ते मे चालू ठेवायचं आणि पावसाळ्यात बंद, कारण पावसात ऑइल वाळत नाही, कागद लाटेसारखा उठतो, कोण चित्रकार यायला बसलाय. आणि मग त्या सुताराचं बोलणं आठवलं. घर मरतं ते पावसाळ्यातच. माणूस पाहिजे ते जून ते सप्टेंबर. म्हणून नियम उलटा केला, पावसाळ्यात येणाऱ्याकडून एक पैसा घ्यायचा नाही, जेवणसुद्धा फुकट, फक्त चूल रोज दोन वेळा पेटली पाहिजे आणि कुठं गळतंय ते संध्याकाळी फोन करून सांगायचं. गॅस आहे, खरं पावसाळ्यात सिलेंडर आम्ही वैनींच्या घरी ठेवतो. पहिल्या वर्षी धारवाडचा एक मुलगा आला, कानडी, मराठी जेमतेम. कोळशानं चित्रं काढायचे त्याचे कागद आठवडाभर दमट राहायचे म्हणून त्यानं चुलीवरच्या वाशाची काजळी खरवडून, डिंकात कालवून शाई केली आणि अडीच महिने त्याच शाईनं काम केलं. पाऊस त्यानं काढला तसा मी कुठं बघितला नाही. उभ्या रेघा नाहीतच, नुसता दमटपणा. वैनी रोज भाकरी आणि कुळथाचं पिठलं घेऊन जायच्या तेव्हा बघायच्या आणि एकदा मला म्हणाल्या, "हे असंच दिसतंय बघा आषाढात, आम्ही बघत नाही एवढंच."

घराच्या कौलांचं अजून एक. एप्रिल-मेमध्ये कौलं परतायला लागतात, फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, पालापाचोळा झाडायचा. खानापूर म्हणजे कौलांचं, मडक्यांचं गाव, इथली माती त्यासाठी नावाजलेली, तरी आता जुन्या मापाचं कौल मिळवायला चार घरं फिरावी लागतात, पाडलेल्या घरांची कौलं मागून आणतो.

आता स्टुडिओतल्या भिंतीचं सांगते. खिडकीच्या उजव्या हाताला, उभं राहिल्यावर कोपर येतं त्या उंचीवर, मास्तर पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची सुरी, पुसायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याच जागी. तळहाताएवढी जागा आहे, आणि तिथं रंगाचा थर साचत साचत दोन बोटं पुढं आलाय, झाडावर दगडफूल येतं तसा, खडबडीत, कडेला कुरळा झालेला. गिलावा करताना गडी खरवडायला निघालाच होता, त्याला वाटलं घाण आहे. मागच्या हिवाळ्यात एक प्रिंटमेकर, म्हणजे ठशांची चित्रं छापणाऱ्या, आलेल्या, पन्नाशीच्या, त्या तासभर भिंग घेऊन त्या थराच्या कडेशी बसल्या. कडेला थर दिसतात, बाकरवडी कापल्यावर दिसतात तसे. खाली गेरू, पिवळी माती, सफेदा. मध्ये हिरव्यांचे कितीतरी प्रकार. मग वर वर येताना सगळं तांबूस, गढूळ होत जातं आणि अचानक त्याच्यावर स्वच्छ निळा. त्या मला म्हणाल्या, "मास्तरांना मोतीबिंदू होता का हो?" मी पुण्याला फोन लावला. होता. बेळगावात ऑपरेशन झालेलं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि ते काढलं की निळा रंग पुन्हा दिसायला लागतो, क्लोद मोनेचं असंच झालेलं, १९२३ ला ऑपरेशन करून घेतलं त्यानं. फोनवर मामी म्हणाली, "पट्टी काढली नी घरी येऊन परड्यात उभे राहिले, आभाळ बघूनच राहिले. मी म्हटलो, जेवण निवतंय." (आमच्याकडं बायकाही बोलताना म्हटलो, गेलो, आलो असंच म्हणतात.)

हे मी इतकं लांबण लावून सांगते कारण माझा जीव यात अडकलाय. आमच्या भागातल्या चित्रकारांचं कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. बेळगावात के. बी. कुलकर्णींनी चित्र मंदिर चालवलं, रवी परांजपेंसारखा चित्रकार तिथं घडला, ते पुढं मुंबई-पुण्यात गेले म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. जे इथंच राहिले त्यांचं काय? १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तिकडच्या चित्रकारांची यादी निघते तेव्हा आमचे मास्तर कर्नाटकातले, आणि इकडची निघते तेव्हा ते मराठी. दोन्हीकडं नाव नाही. त्यांची नदी, त्यांचा बाजार, त्यांची खाचरं कुठल्या राज्याची हे त्यांनी कधी विचारलं नाही, गवंड्याशी कानडी बोलले, आमच्याशी मराठी. घरावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा दोन्ही अक्षरांत लावली आणि दोन्ही अक्षरं त्यांच्याच जुन्या पाट्यांवरून उतरवून घेतली. त्यावर गावात कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी ती अक्षरं ओळखली.

तर ते ऊन.

त्या दिवशी रजा टाकून मी गेलेच. आणि तोपर्यंत त्या बडोद्याच्या मुलीनंच मोबाईलवर शोधून ठेवलेलं. शून्य सावलीचा दिवस आपल्याला माहीत असतो, खरं त्याच्या पुढचं आपण धरत नाही. आमच्याकडं मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून पुढं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो उत्तरेच्याच अंगाला असतो. दुपारी उंच असतो म्हणून पागोळीची वळचण त्याला अडवते, सकाळी आणि संध्याकाळी मात्र तिरका आत शिरतो. जूनपासून ढगच असतात म्हणून कळत नाही. उरला मे. म्हणजे पॅरिस-लंडनच्या पुस्तकात लिहिलेली उत्तरेची खिडकी आमच्या खानापुरात मे महिन्यात चालत नाही. तिनं सकाळी बघितलं तेव्हा उन्हाची पट्टी फरशीवरून चढून ईझलच्या खालच्या निम्म्या भागावर आलेली, आणि ती पट्टी खिडकीच्या ज्या भागातून येत होती तिथंच ते सहा खिळे.

ते खिळे आम्ही दोनदा काढायला निघालेलो. एकदा पॉलिश करताना आणि एकदा कुणाचा तरी कुडता फाटला तेव्हा. मास्तर शाळेच्या दिवसांत सुट्टीच्या मे महिन्यातच तर पूर्ण दिवस काम करायचे. मे महिनाच त्यांच्या हातात होता.

मामी दरवर्षी मेमध्ये चार आठवडे येते, आताही आलेली, सोप्यावर बसून चिंच फोडत होती. मी विचारलं, मामी, खिडकीला मास्तर काही बांधायचे काय? ती म्हणाली, "मांजरपाट. धुऊन धुऊन मऊ केलेलं. नवं बांधलं तर उजेड पिवळा येतो म्हणायचे." मग ते कुठंय? "ते गेले नी मी त्याच्यावर दोन वर्षं सांडगे वाळवलो. मग फाटलं गे. तुम्ही कोण विचारलासा कधी?"

खरंच कुणी विचारलेलं नव्हतं. आम्ही घराची मापं घेतली, फोटो काढले, वाळवीचं औषध मारलं, आणि मामीला चहा दिला.

दुपारी खानापूरच्या बाजारातून तीन मीटर मांजरपाट आणलं, खळ जाईपर्यंत त्या मुलीनं विहिरीवर चार वेळा धुतलं, दोरीवर वाळवलं. संध्याकाळी पाचला पट्टी पुन्हा यायच्या आधी ती खिळ्यांना बांधायला लागली तर मामी काठी टेकत स्टुडिओच्या दारात आली आणि म्हणाली, पार वरपर्यंत नको ओढू, खालचं निम्मंच झाक, वरनं आभाळ दिसलं पाहिजे. तिनं एक गाठ सोडली, कापड चार बोटं खाली घेतलं. मामीनं मान हलवली. "अजून थोडं," म्हणाली.